अकरा महिने

फळीवर सात ओळी होत्या. सातव्या ओळीखाली दीड इंच जागा होती आणि पहिल्या ओळीच्या वरही तेवढीच. दादाने केलेली कुठलीही वस्तू अशीच असायची. त्याच्या हातून जागा कधी उरली नाही, की कमी पडली नाही.

ताईने चष्मा पुसला आणि फळी पुन्हा एकदा वाचली. तीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत काढल्यामुळे छापलेलं, लिहिलेलं, कोरलेलं काहीही ती आधी चूक शोधायला वाचत असे. चूक सापडली नाही.

पहिली ओळ कौलं भाजणाऱ्याची. हे घर त्याने बांधलं, तेही भट्टीत वाकड्या निघालेल्या विटांचं. उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकली की आजही खुपतं. दुसरी ओळ दोर वळणाऱ्या दोघा भावांची. दोर वळायला लांबी लागते, म्हणून त्यांनी ओसरी वाढवत वाढवत बेचाळीस फुटांवर नेली. तिसरा गुरांचा डॉक्टर. गुरं बांधायच्या त्याच्या लोखंडी कड्या अंगणाच्या भिंतीत अजून शाबूत आहेत आणि वहिनी त्यांना कपडे वाळवायची दोरी बांधते. चौथ्या ओळीवर दोघी शिक्षिका बहिणी. नऊ वर्षं एका घरात राहून त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत, म्हणून स्वयंपाकघरात चुली दोन. पाचवा नावाडी. नदीवर पूल व्हायचं ठरलं तेव्हा त्याने नाव विकली, घर सोडलं आणि जाताना म्हणे पुलाच्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. सहाव्या ओळीवर आबा आणि आई. आबा त्याच पुलाच्या साच्यांचं सुतारकाम करायला आले आणि काम संपल्यावर इथेच राहिले. सातवी ओळ त्यांच्या तिघा मुलांची.

सगळ्यांची नावं सापडली नव्हती. अर्ध्यांची नावं घालायची आणि अर्ध्यांची नाही, हे ताईला पटलं नाही. म्हणून नाव कोणाचंच नाही, फक्त धंदा आणि साल. आणि फळीवर यायचं तर माणसाने या घरात किमान एक वर्ष चूल पेटवलेली असली पाहिजे, हा नियमही तिचाच. नाहीतर ओसरीवर चार रात्री झोपून गेलेल्या भांडीविक्यानेही हक्क सांगितला असता.

घराला यंदा शंभर वर्षं झाली होती. आज रविवारी दुपारी, धाकटा तालुक्याहून आला की, फळी दारावर लागायची होती.

ताईच्या हातातलं पत्र मात्र या सगळ्यात कुठेच बसत नव्हतं. घरात पूर्वी राहिलेल्यांचे वारस शोधून तिने गेल्या दोन महिन्यांत अकरा पत्रं पाठवली होती. तीन उत्तरं आली. दोघांनी शुभेच्छा दिल्या. तिसरं पत्र काल संध्याकाळी आलं, ते पुलावरच्या मुकादमाच्या बायकोचं होतं. मुकादम वारला होता. बायको एक्याऐंशी वर्षांची होती. पत्रात चार ओळी होत्या. मी त्या घरात मागच्या खोलीत अकरा महिने होते. बोलावलंत, बरं वाटलं. रविवारी नातसून गाडीने आणून सोडेल. माझ्या लेकराला एकदा डोळे भरून बघते.

लेकरू? कुठलं?

ती पत्र घेऊन मागे कारखान्यात गेली.

पॉलिशचा पहिला हात दिलेल्या एका स्टुलाचे पाय दादा घासत होता. सत्तरीतही त्याचा हात बसून राहत नसे.

"दादा, मुकादमाच्या बायकोला मूल होतं का रे?"

दादाचा हात थांबला नाही, पण घासण्याचा आवाज बदलला. "अकरा महिने राहिली ती. तुझ्या नियमात बसत नाही."

ताई स्टुलासमोरच्या खोक्यावर बसली. गेले दोन महिने हाच दादा तिच्या नियमाची टर उडवत होता. वर्ष म्हणजे तीनशे पासष्ट दिवस की लीप वर्ष धरायचं, असं विचारून त्याने तिला जेवताना रडकुंडीला आणलं होतं. आणि आज त्याला नियम आठवला.

"मी फळीचं नाही विचारलं. लेकराचं विचारलं."

"म्हातारं माणूस आहे. काय लिहिते, काय नाही."

"अक्षर बघ. माझ्यापेक्षा सरळ आहे." तिने पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "दादा, मी तीस वर्षं लोकांचे खोटे जन्मदाखले पकडलेत. तू मला काय चकवणार? तिचं लेकरू या घरात कसं?"

दादाने पॉलिशपेपर खाली ठेवला. दाराकडे बघितलं, आणि मग, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "धाकट्याला तिनं पाजलंय."

ताईने पत्र मांडीवर ठेवलं.

"तू तेव्हा मामाकडे होतीस. सहा वर्षांची. आईला विषमज्वर झाला, धाकटा नऊ दिवसांचा होता. साडेचार महिने आई अंथरुणावर. तिचं दूध गेलं. मुकादमाच्या बायकोचं मूल त्याच्या तीनच आठवडे आधी दगावलं होतं." त्याने पॉलिशपेपर पुन्हा हातात घेतला. "बाकीचं तुला कळलं असेल."

"आणि हे मला चौसष्टाव्या वर्षी कळतंय."

"त्याला अजून कळलेलं नाही. आणि कळायचंही नाही."

*

दादाला ती दुपार तारखेसकट आठवत होती. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि घरातलं सगळं पाणी तोच भरत होता.

आई पहिल्यांदा उठून बसली त्या दिवशी मुकादमीण बाळाला घेऊन तिच्याकडे आली. बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. बाळाने आईकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि दोन्ही हात पसरून मुकादमिणीकडे झेप घेतली. आई भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी दादा तिला पेज द्यायला गेला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. हाताची नुसती काडी झाली होती, पण पकड अशी, की त्याला सोडवता येईना.

"त्याला कधी सांगायचं नाही. मला शब्द दे."

दादाने शब्द दिला. अठ्ठावन्न वर्षं पाळला. आई आठ वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तो मनातल्या मनात म्हणाला होता, झालं आता, हे माझ्याबरोबर जाईल.

"शब्द दिलाय मी," तो ताईला म्हणाला. "मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येत नाही."

"आणि ती जिवंत बाई दोन तासांत दारात उभी राहील, तिला काय सांगणार? 'बाई, लेकराला लांबूनच बघा आणि पाणी पिऊन जा'?"

"सांगू, फळी लावायचा कार्यक्रम आहे म्हणून बोलावलंय."

"त्या फळीवर तीच नाही!"

"तो नियम कोणाचा?"

हा घाव वर्मी बसला. ताई उठली. कडक इस्त्रीच्या पदरावर लाकडाचा भुसा बसला होता, तो तिने झटकलासुद्धा नाही. गुरांच्या डॉक्टरला जागा, दोर वळणाऱ्यांना जागा, आणि जिच्यामुळे सातव्या ओळीतला तिसरा माणूस जगला तिला नाही. कारण एक महिना कमी पडला. कचेरीत तिने असे कागद कित्येकदा परत पाठवले होते. तेव्हा खिडकीपलीकडची माणसं तिच्याकडे कशी बघायची, ते तिला आज पहिल्यांदा दिसलं.

"नियम मी केला, मीच मोडते," ती म्हणाली. "आठवी ओळ घाल."

"जागा नाही."

"काय?"

"सात ओळींच्या मापानंच फळी कापलीय. दीड इंचात ओळ बसत नाही." एवढ्या गोंधळातही त्याच्या आवाजात कारागिराची लाज होती. "नवी फळी करावी लागेल."

"मग कर!"

"अहो," दारातून आवाज आला, "भांडण संपलं असेल तर आत या. मला दोघांना एकदम सांगायचंय. वेगवेगळं सांगायला वेळ नाही, भात लागेल."

वहिनी दारात उभी होती, हातात झारा. ती किती वेळ तिथे होती, ते कोणी विचारलं नाही.

*

वहिनी या घरात आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. तिच्याकडे बघणाऱ्याला वाटे, ही बाई सगळं बोलून टाकते, हिच्या पोटात काही राहत नाही. तो समज तिने मुद्दाम मोडला नव्हता. बडबड्या माणसाला कोणी खोदून विचारत नाही.

तिने गॅस बारीक केला, दोघांना पाटांवर बसवलं आणि फडताळाच्या वरच्या खणातून बिस्किटांचा जुना डबा काढला. डब्यात पोस्टाच्या पावत्या होत्या आणि एका वहीच्या मागच्या पानावर पत्ता. मुकादमाच्या बायकोचा.

"वन्सं, मी हा पत्ता दिला तेव्हा कुठून मिळाला म्हणून विचारलंत ना? मी म्हटलं, सापडला जुन्या कागदांत. तो सापडला नाही. तो मला पाठ आहे."

"म्हणजे?"

"भाऊजींच्या वाढदिवसाला दरवर्षी सासूबाई एक कार्ड रजिस्टरनं पाठवायच्या. मुलाला पहिला दात आला. शाळेत घातला. गणितात नापास झाला. चपलांचं दुकान काढलं. लग्न झालं. लिहायच्या त्या, आणि मी या घरात आल्यापासून पोस्टात टाकायची मी. शेवटी हात थरथरायला लागले, तेव्हा त्या सांगायच्या आणि मी लिहायची. त्या गेल्यावर मी कळवलं, आणि कार्ड मीच चालू ठेवलं. यंदाचं कार्ड, गुडघा दुखतो म्हणून."

दादाने तिच्याकडे बघितलं. लाकडात खिळा आडवा निघाल्यावर बघायचा तसं.

"पंचेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

 ताईला एकदम हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला तरी ते ऐकू आलं. एका छपराखाली नवराबायको एकच गुपित दोन बाजूंनी धरून बसले होते आणि दोघांनाही वाटत होतं, घर आपल्यामुळे उभं आहे.

"पण तिनं मला शब्द..." दादा म्हणाला.

"घेतला असेल. आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून जे बोलतं, ते त्या दिवसापुरतं असतं. पुढची पन्नास वर्षं त्यांनी काय केलं, ते या डब्यात आहे. ज्या बाईची लाज वाटते, तिला कोणी दरवर्षी पत्र लिहितं का हो?"

दादाने पावत्यांची चळत हातात घेतली. एकेक पावती बघायला लागला. प्रत्येकीवर तीच तारीख, फक्त साल वेगळं. अर्ध्यातच त्याने त्या खाली ठेवल्या आणि डोळे खांद्याला पुसले, कारण हातांना पॉलिश होतं.

"मी सांगतो त्याला," तो म्हणाला. "मीच सांगणार. तुम्ही दोघी मध्ये बोलायचं नाही."

"मी तर तोंडातून शब्द काढणार नाही," वहिनी म्हणाली, आणि ताईने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ती भात बघायला वळली.

*

धाकटा सव्वाअकराला आला. नेहमीप्रमाणे काखेत चपलांचे तीन डबे.

"वहिनी, पाय पुढे करा! तुमच्या टाचेला मऊ तळ घातलाय. ताई, तुझ्या काळ्या. काळ्याच आणल्या, नाहीतर रंगाचा पुरावा मागशील. गावात मोठ्या माणसांचे पाय धरणारे पुष्कळ आहेत, पण माप घेऊन धरणारा मी एकटाच."

कोणी हसलं नाही. वहिनीसुद्धा.

"कोण गेलं?" धाकट्याने विचारलं.

"कोणी गेलं नाही. बस," दादा म्हणाला.

दादाने सांगितलं, पण फार वाईट सांगितलं. आधी पुलाचं काम कधी सुरू झालं ते, मग विषमज्वरावर तेव्हा गावात औषध मिळत नव्हतं ते, मग मागच्या खोलीला तेव्हा दार कुठल्या बाजूला होतं ते. ताईने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी दादा म्हणाला, "ती बाई तुला साडेचार महिने पाजत होती. ती येतेय. आत्ता."

धाकट्याने हातातली ताईची चप्पल डब्यात ठेवली. झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"आईचे शेवटचे चार महिने मी इथे होतो," तो म्हणाला. "तिची नखं मी कापत होतो. दुपारी कितीतरी वेळ नुसते बसायचो आम्ही. तेव्हाही नाही?"

"आई त्या बाईंशी बोलत होती, दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला कार्ड पाठवून," ताई म्हणाली. "आमच्याशी नाही."

"आणि तू, दादा?"

"मी शब्द..." दादाने वाक्य सोडून दिलं. "माझं चुकलं. तुला कधीच सांगायला हवं होतं."

दादाने माझं चुकलं म्हटल्याचं धाकट्याला आठवत नव्हतं. आबांसमोरसुद्धा तो नुसता मान खाली घालायचा. धाकट्याला रागवायचं होतं, मोठ्याने बोलायचं होतं, पण समोर सत्तरीचा माणूस पॉलिशने माखलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता, छडी खायला बसल्यासारखा.

"दार कुठल्या बाजूला होतं, ते तरी दाखव आता," तो म्हणाला.

ते दोघं उठून मागे गेले. जाताजाता दादाने त्याला ती दुपारही सांगितली, आईच्या मांडीवरून तो मुकादमिणीकडे झेपावला होता ती. मागच्या खोलीत दादाचे पॉलिशचे डबे आणि फळ्या असायच्या. आज खोली रिकामी होती. जमीन धुतलेली, कोपऱ्यात गादी, स्वच्छ चादर, उशाशी पाण्याचा तांब्या.

"हे कोणी केलं?" दादा म्हणाला.

"वहिनीनं. दुसरं कोण करणार?" धाकटा म्हणाला. भिंतीवर बुजवलेल्या दाराचा आकार दिसत होता. ती जागा बाकीच्या भिंतीपेक्षा गुळगुळीत होती. त्याने तिथे हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

*

गाडी बाराला पाच कमी असताना आली. नातसुनेने बाईंना उतरवलं, दुपारी चारला न्यायला येते म्हणाली आणि गेली. तिला पलीकडच्या गावात काम होतं.

बाई ठेंगण्या होत्या. काठी होती, पण ती टेकण्यापेक्षा दाखवायलाच जास्त. ओसरीच्या पायरीशी थांबून त्यांनी आधी ओसरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"एवढी लांब ओसरी अजून तशीच," त्या म्हणाल्या. "झाडता झाडता कंबर जायची माझी."

"माझी पण," वहिनी म्हणाली, आणि दोघी पत्रांतून ओळखणाऱ्या बायका पहिल्यांदाच समोरासमोर हसल्या.

मग बाईंनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. दादापाशी थांबल्या. "तू पाणी भरणारा." दादाने मान हलवली.  नंतर त्या धाकट्याकडे वळल्या. कोणी ओळख करून दिली नाही.

"टक्कल पडलं की रे!" त्या म्हणाल्या. "कार्डात लिहिलं नव्हतं."

"कार्डात मावलं नाही," वहिनी म्हणाली.

धाकटा हसला आणि हसताहसताच त्याचा चेहरा बिघडला. तो पुढे आला, काय करावं ते न कळून बाईंच्या पायांशी बसला. आयुष्यभर तो लोकांच्या पायांशी असाच बसत आला होता. त्यामुळे त्याला तिथे निदान हातांचं काय करायचं ते ठाऊक होतं. डाव्या चपलेचा पट्टा सुजलेल्या अंगठ्यात रुतला होता. त्याने बक्कल सोडलं.

"ही कोणी दिली तुम्हाला? हा पट्टा दोन बोटं पुढे आलाय."

"सगळ्या जगाच्या चपला अशाच असतात."

"नसतात," धाकटा म्हणाला. खाली बघतच म्हणाला, "तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याचं मी... मला आजच कळलं. नाहीतर मी आधी आलो असतो. चालत आलो असतो."

बाईंनी काठी बाजूला ठेवली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या.

"ऐक. हे लोक तुला सांगतील, मी उपकार केले. तसं काही नाही. माझी पोर गेली आणि दूध राहिलं. छातीचे दगड झाले होते. ताप चढला होता. शेजारणी म्हणाल्या, फडक्यानं आवळून बांध, सुकेल. तेवढ्यात तुझे आबा दारात आले. बोलले काहीच नाहीत. तुला नुसतं पुढे धरलं. तू असा ओढत होतास, जसं काही मी तुझं देणं लागते. त्या दिवशी तीन आठवड्यांनी मला पहिल्यांदा झोप लागली. तुला मी जगवलं, बरोबर. मला कोणी जगवलं, ते कार्डावर कोण लिहिणार?"

 ताईने चष्मा काढून हातात धरला होता.

"आईला माझा राग आला होता का?" धाकट्याने विचारलं. "म्हणजे, मी तुमच्याकडे झेपावलो, तेव्हा."

"आला असेल. मला आला असता." बाईंनी थोडा विचार केला. "आम्ही निघालो त्या दिवशीचं सांगते. पूल नवा होता. आमचं सामान गाडीत. तुझी आई आजारपणानंतर अंगणाबाहेर आली नव्हती तोवर, पण त्या दिवशी तुला घेऊन, धापा टाकत पुलाच्या मध्यापर्यंत आली. तुला माझ्याकडे दिलं, म्हणाली, एकदा पाज. पाजलं. मग तिनं तुला परत घेतलं. तू रडलास. तिला पाठ फिरवता आली असती. फिरवली नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तुझं तोंड माझ्या बाजूला धरून उभी होती."

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

"ते मला नाही माहीत, बाळा. तिचं तिला माहीत. ती मला सांगत राहिली, मला तेवढं पुरलं."

धाकट्याने मान हलवली. पट्टा सोडवून त्याने चप्पल बाजूला ठेवली होती. आता दुसऱ्या पायाची सोडवायला घेतली. मग थांबला.

"तुमची मुलगी होती?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "हो. मुलगीच."

"कशी होती?"

"मूल गेलं, एवढंच म्हणतात सगळे. मुलगी की मुलगा, तेही कोणी विचारत नाही." त्यांनी उजवा हात वर केला आणि मूठ वळली. "अशी झोपायची. रागीट होती. एकोणीस दिवस होती, पण एकोणीस दिवस सगळ्या घराला धाकात ठेवलं तिनं. मुकादमालासुद्धा."

"तुमच्यावर गेली असेल," दादा म्हणाला. त्या दिवसातलं बाईंशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"गप रे, पाण्या," बाई म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या.

*

जेवणाला सगळे एका ओळीत बसले. फळी कारखान्याच्या भिंतीला उलटी टेकवलेली होती. नवी करायची म्हणजे पंधरा दिवस लागतील, आणि ओळी नऊ की दहा हे ताईला आता ठरवता येत नव्हतं, कारण एक वर्षाचा नियम गेल्यावर कोणाला नाही म्हणायचं ते तिला कळेना. "भांडीविक्यालाही घाला," वहिनी म्हणाली. "चार रात्री का होईना, ओसरी त्यानं झाडून दिली होती म्हणतात." ताई नाही म्हणाली नाही.

बाई बेताच्याच जेवल्या. हात धुऊन त्यांनी मागची खोली बघायची म्हटलं. धाकट्याने हात दिला. बुजवलेलं दार त्यांनी न शोधता ओळखलं. मग गादीकडे बघून म्हणाल्या, "जरा पाठ टेकू का?" आणि उत्तराची वाट न बघता भिंतीच्या बाजूला कुशीवर वळल्या. पाच मिनिटांत त्यांचा श्वास संथ झाला.

धाकट्याने दार ओढून घेतलं. दादाच्या पेटीतून टोचायची बारीक आरी आणि मेण लावलेला दोरा काढला आणि ओसरीच्या मागच्या टोकाला, त्या दारासमोर बसून चपलेचा पट्टा उसवायला लागला. साडेतीनला त्याचं दुकान उघडायचं होतं. ते त्याला आठवलं, आणि त्याने त्याचा विचार केला नाही.

थोड्या वेळाने फाटक करकरलं. कोपऱ्यावरचा पीठगिरणीवाला आत आला. हा माणूस गिरणीच्या आवाजात आयुष्य काढल्यामुळे साधं बोलला तरी ओरडल्यासारखं बोले.

"दादा! स्टूल झालं का माझं? रविवार म्हणालास, रविवार आला की!"

धाकटा ताडकन उठला. आरी हातातच होती. त्याने दुसऱ्या हाताने गिरणीवाल्याला खाली, खाली, अशी खूण केली.

"हळू! आत झोपल्यायत."

"कोण?" गिरणीवाला म्हणाला. त्याच्या मानाने तो कुजबुजला होता. "पाहुणे आलेत?"

धाकट्याने एकदा बंद दाराकडे बघितलं. पलीकडे कारखान्याच्या दारात दादा उभा होता. त्याने स्टूल आणलं होतं, पण ते हातात तसंच धरून तो धाकट्याकडे बघत होता.

"पाहुणी नाही," धाकटा म्हणाला. त्याने ओसरीवरचे कातड्याचे तुकडे सारून जागा केली. "बस इथे, सांगतो. माझी आई आजारी होती, मी नऊ दिवसांचा होतो. आवाज करू नकोस, नुसतं ऐक."

गिरणीवाला बसला. दादाने स्टूल खाली ठेवलं आणि तोही येऊन त्यांच्याजवळ बसला.